वजाबाकीची शाळा घरच्या ओसरीवर

हिवाळा सरू लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांमधून कर्ती माणसे मिरची तोडणीसाठी तेलंगणाकडे निघतात. पुढे मोहफुले वेचण्याचे दिवस येतात, आणि उन्हाळा चढला की तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. या काळात घरी उरतात ती दोन वयांची माणसे : ज्यांचे कष्टाचे दिवस सरले आहेत ती, आणि ज्यांचे अजून यायचे आहेत ती. नातवंडांचे जेवण, अंघोळ, ताप-खोकला हे सारे आजी-आजोबा समर्थपणे सांभाळतात. मात्र पाटी-वही समोर आली की त्यांचा हात आखडतो. ‘मला कुठे लिहिता-वाचता येते?’ असे आजी म्हणते, आणि ‘आमच्या वेळची पद्धत निराळी होती, उगाच पोराचा गोंधळ नको,’ असे आजोबा म्हणतात.

वाचकहो, ही भीती अनाठायी आहे, असे या लेखातून सांगावयाचे आहे. शाळेतील गणिताचा जो भाग लहान मुलांना सर्वांत आधी अडवतो, तो म्हणजे वजाबाकी. आणि हाच भाग अक्षरओळख नसलेली आजीही उत्तम रीतीने शिकवू शकते, कारण आयुष्यभर तिने तेच केलेले असते.

वजाबाकीच का?

बेरीज मुलांना बहुधा सहज येते. मोजत पुढे जाणे हा मुलांचा स्वभावच असतो. वजाबाकीत मागे यावे लागते, काय होते, काय गेले आणि काय उरले या तीन गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे ओझे लहान नाही.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना एकेक करून वाचायला आणि गणिते सोडवायला देतात. त्यांतील वजाबाकी दोन अंकी असते आणि ती करताना दशक सुटा करावा लागतो. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३३.७ टक्के मुलांना निदान ही वजाबाकी जमत होती. २०२२ मध्ये हेच प्रमाण २५.९ टक्के होते. सुधारणा झाली हे खरे. तरीही तिसरीतील दर तीन मुलांपैकी सुमारे दोन मुले या उंबरठ्याशीच अडलेली आहेत. पुढचा भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकीच असते. म्हणून येथे मागे पडलेले मूल चौथी-पाचवीत आणखी मागे पडत जाते, आणि ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मनात धरून मोठे होते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर अनेक ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. किती तोडला, किती विकला, किती शिल्लक. किती रक्कम ठरली, किती कापली गेली, हाती किती आली, हे सारे वजाबाकीचे प्रश्न आहेत. आज ओसरीवर खेळणाऱ्या मुलांच्या हातात उद्या हे हिशेब जाणार आहेत. ज्याला बाकी काढता येते, त्याला फसवणे अवघड असते.

आपल्या बोलण्यातच वजाबाकी आहे

‘वजा’ म्हणजे कमी केलेले आणि ‘बाकी’ म्हणजे उरलेले. शब्द हिशेबाच्या वहीतून आलेला असला, तरी ही क्रिया आपल्या भाषेत त्याहून जुनी आहे. ‘एकोणीस’ हा शब्द उच्चारून पाहा. त्यात ‘एक’ आणि ‘ऊन’ दडलेले आहेत. ऊन म्हणजे उणे. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे हीच वजाबाकी बोलतात. मुलाला एकदा ही गंमत सांगावी आणि विचारावे, ‘एकोणसाठ म्हणजे किती? साठाला किती कमी?’ जी नावे नुसती पाठ करावी लागत होती, त्यांच्यात अर्थ दिसू लागतो.

तसेच ‘पाऊण’ आणि ‘पावणे’. पाऊण म्हणजे पाव उणे एक, पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी. ‘पावणेचारची एसटी आहे’ असे आजोबा म्हणतात तेव्हा ते घड्याळावर वजाबाकीच करीत असतात. पावकी, निमकी, पाऊणकी ज्यांच्या जिभेवर अजून आहे, त्यांनी ती नातवंडांना ऐकवावी. ती पाठ व्हावी असा आग्रह नको. कानावर पडली तरी पुरे.

मराठी संख्यानावांत एक अडचणही आहे, आणि ती मुलाला नेमकी वजाबाकीत भोवते. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. त्यामुळे २७ च्या जागी ७२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात आढळतात. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्या विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात. वाद बाजूला ठेवूया. घरी दोन्ही म्हणावे : ‘सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात.’ सिरोंचा तालुक्यातील तेलुगू बोलणाऱ्या घरांत तर हे आपोआप घडते, कारण तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’, म्हणजे वीस-एक असेच म्हणतात. ज्या घरात गोंडी वा माडिया बोलली जाते, तेथे ‘उंदी, रंड, मुंड’ अशी मोजणी आधी आपल्या भाषेत व्हावी आणि मग मराठीत. घरच्या भाषेत समजलेले गणित शाळेच्या भाषेत नेता येते. न समजलेले कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

एका चिन्हाचे तीन अर्थ

मुलाला वजाबाकीचा बहुधा एकच अर्थ शिकवला जातो : काढून घेणे. टोपलीत नऊ सीताफळे होती, चार खाल्ली, पाच उरली. हा अर्थ सोपा आहे, पण तो एकटा पुरत नाही.

दुसरा अर्थ फरकाचा. ताईने वेचलेल्या मोहफुलांच्या टोपल्या आठ आणि दादाच्या पाच. ताईच्या किती जास्त? येथे कोणी काही काढून घेतलेले नाही, म्हणून मूल गोंधळते आणि दोन्ही आकडे मिळवून मोकळे होते. अशा वेळी दोन्ही ढीग शेजारी शेजारी ओळीने मांडावेत, एकास एक जोडी लावावी, आणि जोडी न मिळालेल्या वस्तू मोजाव्यात. फरक म्हणजे काय, ते मुलाला डोळ्यांनी दिसते.

तिसरा अर्थ ‘अजून किती हवे’ हा. आपल्या जिल्ह्यांत तेंदूपत्त्याचा पुडा सत्तर पानांचा बांधतात. सेहेचाळीस पाने लावून झाली, तर अजून किती हवीत? पुडे बांधणारी बाई कागदावर काही लिहीत नाही. सेहेचाळिसाचे पन्नास करायला चार, पन्नासाचे सत्तर करायला वीस, म्हणजे चोवीस, असे ती मनातच पुढे मोजत जाते. ही अस्सल वजाबाकी आहे. संध्याकाळी गुराखी तेवीस जनावरांपैकी एकोणीसच परतली हे पाहून चार शोधायला निघतो, तीही हीच. पहाटे मोहफुलांना सात जणी गेल्या, पाच परतल्या, अजून किती यायच्या? वाघाचा वावर असलेल्या या मुलखात ओसरीवर बसलेली प्रत्येक आजी हे गणित रोज मनात सोडवीत असते.

या तिन्ही अर्थांच्या गोष्टी मुलाला सांगाव्यात आणि त्यानेही एखादी रचावी. चिन्ह एकच, गोष्टी तीन, हे ज्या मुलाला उमगले त्याची शाब्दिक उदाहरणांची भीती निम्मी कमी होते.

हातात वस्तू, मग तोंडी, मग कागद

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी पाने, बिया, खडे, काड्या यांनाच शैक्षणिक साधने मानले. विकत आणलेल्या खेळण्यांहून ही साधने कमी प्रतीची नाहीत, आणि आपल्या परसात ती मुबलक आहेत. चिंचोके, सीताफळाच्या बिया, बांबूच्या पातळ काड्या जमवून एका डब्यात ठेवाव्यात. काड्यांची टोके घासून बोथट करावीत. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर बिया त्याच्या हाती लागू देऊ नयेत. नाकात, कानात वा घशात बी अडकण्याचा धोका खरा असतो. खेळ संपला की बिया मोजूनच डब्यात ठेवाव्यात. एखादी कमी भरली, तर किती कमी हा प्रश्नही वजाबाकीचाच.

पहिली पायरी : दहाच्या आतील वजाबाकी. सात चिंचोके मांडा, तीन मुठीत घ्या, समोर किती उरले ते मुलाला सांगू द्या. मग मूठ उघडण्याआधी विचारा, ‘मुठीत किती?’ बाहेर चार दिसतात, एकूण सात होते, तर आत तीन. मूठ उघडून खात्री करण्यातला आनंद मुलाला पुन्हा पुन्हा हवासा वाटतो.

दुसरी पायरी : दहाच्या जोड्या. सात-तीन, सहा-चार, आठ-दोन. यासाठी दहा बोटे पुरतात. मुलाने तीन बोटे मिटली की उरलेली सात न मोजता सांगता यावीत. हा पाया पक्का असेल तर पुढचे काम हलके होते. बोटांवर मोजणे ही उणीव समजू नये. सराव झाला की मूल ते आपोआप सोडते.

तिसरी पायरी : दशकाचे गठ्ठे. दहा-दहा काड्या मोजून दोऱ्याने वा रबराने बांधाव्यात. गठ्ठा मुलानेच बांधावा, म्हणजे त्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसतो. पाच गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या म्हणजे छप्पन्न. त्यातून दोन गठ्ठे आणि चार काड्या काढल्या, तर उरले तीन गठ्ठे आणि दोन काड्या. अशी बिनहातच्याची वजाबाकी चार-पाच दिवस करावी. त्यानंतरच कागदावर आकडे मांडावेत, आणि तेही काड्या समोर असताना.

शाळेची रीत आणि आजोबांची रीत

आता ५२ वजा २७. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर आहेत, आणि सात काड्या द्यायच्या आहेत. सुट्या तर दोनच. मुलाला येथे थांबू द्यावे. ‘आता काय करायचे?’ एवढेच विचारावे. बरीच मुले थोड्या वेळाने स्वतःच म्हणतात, ‘एक गठ्ठा सोडू या.’ गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा काड्या होतात. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर पंचवीस. आज शाळेत हीच रीत शिकवतात. तिला ‘दशक सुटा करणे’ म्हणावे. ‘उसना घेतला’ हा शब्द टाळलेला बरा, कारण उसने घेतलेले परत करावे लागते असे आपणच मुलाला शिकवलेले असते, आणि मग ते परत कधी करायचे हा त्याचा प्रश्न रास्त ठरतो.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दुसरी रीत शिकली असेल : दोनातून सात जात नाहीत, म्हणून वरच्या दोनाचे बारा केले, बारातून सात गेले, राहिले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळवला, झाले तीन, पाचातून तीन गेले, राहिले दोन. उत्तर तेच, पंचवीस. ही रीतही पूर्णपणे बरोबर आहे. तीत वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांना दहा-दहा दिलेले असतात, म्हणून फरक बदलत नाही. आजोबा सहासष्ट वर्षांचे आणि नात आठ वर्षांची, अंतर अठ्ठावन्न. दहा वर्षांनी आजोबा शहात्तर आणि नात अठरा. अंतर तेच, अठ्ठावन्न.

परंतु मूल नुकते शिकत असताना दोन्ही रीती एकत्र आल्या तर ते वर एक कमी करते आणि खालीही एक वाढवते, आणि उत्तर चुकते. म्हणून आधी शाळेची रीत पक्की होऊ द्यावी. ती सहज जमू लागली की एखाद्या निवांत दुपारी ‘आमच्या वेळी असे करायचो’ म्हणून आपली रीत दाखवावी. दोन वाटांनी एकाच गावी पोहोचता येते, हे पाहून मूल चकित होते.

चूक काय सांगते?

५२ वजा २७ चे उत्तर अनेक मुले ३५ लिहितात. हे उत्तर आळसातून येत नाही. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन काढू, असा विचार मुलाने केलेला असतो. त्याच विचाराने ४० वजा १६ चे उत्तर ३६ येते. यावर ‘चूक’ असा शिक्का मारण्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत. पहिला : ‘हे कसे काढलेस, मला सांग पाहू.’ आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर हा प्रश्न अधिकच शोभतो, कारण मूल तिला खरोखर समजावून सांगते. दुसरा : ‘गेलेले परत आणले तर पहिल्याइतके होतात का?’ पस्तीस आणि सत्तावीस मिळून बासष्ट होतात. आपल्याकडे तर बावन्नच होते. मग दहा जास्तीचे कुठून आले? चूक मुलाच्या स्वतःच्या हाती सापडते.

ही पडताळणी म्हणजे या साऱ्या शिकवणीचा गाभा समजावा. उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला मुलाला मोठ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. उरलेले आणि गेलेले एकत्र केले की मूळचे मिळाले पाहिजे, ही कसोटी त्याच्या हातात दिली, की ते आपल्यावाचूनही पुढे जाऊ शकते.

बाजाराची वजाबाकी

आठवडी बाजारात जुना दुकानदार सुटे पैसे कसे परत देतो, ते आठवा. चौतीस रुपयांचे सामान, पन्नासची नोट. तो हातावर एक रुपया ठेवून म्हणतो ‘पस्तीस’, पाच ठेवून म्हणतो ‘चाळीस’, दहा ठेवून म्हणतो ‘पन्नास’. एक, पाच आणि दहा, म्हणजे सोळा परत. मोबाइलने पैसे देण्याच्या दिवसांत हे दृश्य मुलांच्या नजरेआड होत चालले आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लहानसे सामान रोखीने आणावे आणि परत आलेले पैसे मुलाकडून मोजून घ्यावेत. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळते. महिन्याच्या मधल्या आठवड्यात किती संपले आणि किती उरले, हा हिशेब मुलाने कोळशाने भिंतीवर मांडला तरी बिघडत नाही.

वेळ, उजेड आणि आवाज

शिकवणी दहा ते पंधरा मिनिटांची असावी, त्याहून लांबवू नये. मुलाचे पोट भरलेले असावे, पण जेवणानंतर लगेच नको. सकाळचा उजेड सर्वांत चांगला. आजोबांनी जवळचा चष्मा लावावा, आणि खाली बसल्याने गुडघे दुखत असतील तर पाटावर वा बाजेवर बसून वस्तू समोरच्या स्टुलावर मांडाव्यात. ऐकू कमी येत असेल तर मुलाला समोरासमोर बसवावे, ‘काय? काय म्हणालास?’ असे वारंवार मोठ्याने विचारले गेले की मुलाला ते रागावणे वाटते.

भीतीने मुलाचे मन भरले की आकडे धरून ठेवायला जागा उरत नाही. म्हणून खेळ मूल हसत असतानाच थांबवावा. इतर भावंडांशी तुलना टाळावी. बरोबर उत्तरापेक्षा ‘तू पडताळून पाहिलेस, हे छान केलेस’ अशी शाबासकी अधिक टिकते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार असलेली मुले आहेत. अंगदुखी आणि थकव्यामुळे त्यांची शाळा वारंवार बुडते, आणि नेमका दशक सुटा करण्याचा धडा एखाद्या आठवड्यात निसटून जातो. अशा मुलाला बरे वाटू लागले की अंथरुणावरच काड्यांचे चार गठ्ठे देऊन तो धडा भरून काढता येतो. मात्र दुखत असताना वा ताप असताना अभ्यासाचे नाव काढू नये. पाणी, विश्रांती आणि वैद्यकीय सल्ला यांना अग्रक्रम द्यावा.

काही खुणा दिसल्या तर शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे : मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते, डोळे बारीक करून पाहते, हाक मारल्यावर वळत नाही, सतत मरगळलेले असते. दृष्टी, श्रवण आणि रक्तक्षय यांची तपासणी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’च्या शाळाभेटीत वा आरोग्य केंद्रात करून घ्यावी. हे सारे ठीक असूनही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, अनेक महिन्यांच्या धीराच्या सरावानंतर, आठ मोठे की पाच हेही चटकन सांगता येत नसेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला मदत मिळू शकते. त्याला मठ्ठ म्हणू नये.

आणि आपल्यासाठी?

डॉक्टर ज्येष्ठांची स्मृती आणि एकाग्रता तपासताना कधी कधी शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मानसिक स्थितीच्या एका लहान चाचणीत हा प्रश्न आहे, आणि ती आजही जगभर वापरली जाते. शाळेत न गेलेल्यांना आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगण्यासारखे प्रश्न विचारले जातात. घरी ही उतरण अडखळली म्हणून स्वतःला आजारी ठरवू नये. शिक्षण, झोप, औषधे, मनाची स्थिती यांचा तीवर परिणाम होतो, आणि निदान करणे हे डॉक्टरांचेच काम आहे. पण रोजचा हिशेब, सुटे पैसे वा औषधाच्या गोळ्यांची मोजणी पूर्वी जमत होती आणि आता वरचेवर चुकू लागली असेल, तर दाखवून घेण्यास उशीर करू नये. ते भय बाजूला ठेवले, तर नातवासोबत वीसवरून दोन-दोनने खाली उतरण्याचा खेळ दोघांनाही रमवतो.

या पंधरवड्यात करून पाहा

पहिले तीन दिवस : मुठीतले चिंचोके, दहाच्या आत.

चौथा आणि पाचवा दिवस : बोटांवर दहाच्या जोड्या, जोडीला ‘एकोण’ची नावे.

सहावा ते आठवा दिवस : काड्यांचे गठ्ठे बांधणे आणि बिनहातच्याची वजाबाकी.

नववा ते बारावा दिवस : गठ्ठा सोडून वजाबाकी, रोज तीनच उदाहरणे आणि प्रत्येकाची पडताळणी.

तेरावा आणि चौदावा दिवस : फरकाची एक गोष्ट आणि ‘अजून किती हवे’ची एक गोष्ट, मुलाने रचलेली.

पंधरावा दिवस : बाजार. सुटे पैसे मुलाच्या हाती.

एखादी पायरी अडली तर तेथेच चार दिवस थांबावे. दिवसांचा हिशेब चुकला तरी चालेल. मिरची तोडून आई-वडील घरी परततील, तेव्हा आणलेले पैसे, फेडायची उधारी आणि हाती उरणारी बाकी हे गणित मुलालाच त्यांच्यासमोर मांडू द्यावे. आजीने तेवढे शेजारी बसून ऐकावे.